पैसे बायकोच्या ९५ व्या वर्षापर्यंत पुरवायचे तर हिशोब कसा धरायचा?

सांजवेळ:
मी ५२ चा, बायको ४७ ची, ५८ ला नोकरी सुटणार. आतापर्यंत मी सगळा हिशोब ८० पर्यंतचाच केलेला, सरासरी आयुष्य बघून तेवढं पुरे वाटायचं. पण आई आता नव्वदीत आहे, मावशी ९३ ची. वडील गेले तेव्हा त्यांनी मागे ठेवलेले पैसे आई ८३ ची असताना संपले, तेव्हापासून आम्ही भावंडं बघतो आणि मनापासून बघतो, पण स्वतःच्या औषधासाठी मागताना तिचा आवाज खाली जातो ना, ते मला बघवत नाही. बायकोवर ती वेळ येऊ द्यायची नाहीये. वर्षाच्या खर्चाच्या २५ पट साठवा असं वाचतो, आजच्या खर्चाच्या २५ पट जमेल मला. तेवढे पुरतील का? रिस्क नको म्हणून सगळे ठेवींतच ठेवायचा विचार आहे.

हिशोबी:
दादा, आजच्या नाही, रिटायर व्हाल त्या वर्षीच्या खर्चाच्या २५ पट. महागाई ६ टक्के धरली तर आज १०० लागतात तिथे ६ वर्षांनी साधारण १४२ लागतील, इथेच मोठा फरक पडतो. दुसरं म्हणजे तो नियम आला विल्यम बेंगन या अमेरिकन प्लॅनरच्या १९९४ च्या अभ्यासातून. पहिल्या वर्षी साठवणीचे ४ टक्के काढायचे (म्हणजेच साठवण वर्षाच्या खर्चाच्या २५ पट), पुढे महागाईप्रमाणे रक्कम वाढवत न्यायची, आणि हे तपासलं ३० वर्षांसाठी, तेही तिथल्याच शेअर आणि बाँडच्या आकड्यांवर. तुम्ही रिटायर व्हाल तेव्हा वहिनी ५३ च्या, म्हणजे ९५ पर्यंत ४२ वर्षं होतात! मी तुमच्या जागी असतो तर ३ टक्केच धरले असते, म्हणजे ३३ पट.

आणि सरासरी आयुष्याचा आकडा जन्मापासूनचा असतो, त्यात लहान वयात गेलेलेही आले. साठी गाठलेला माणूस त्याच्या पुढे जाण्याचीच शक्यता जास्त.

जुनाजाणता:
सगळं ठेवींत नको. व्याज आणि महागाई सारखीच निघाली तर पैसा वाढतच नाही, मग ४२ वर्षांना सरळ ४२ पट लागतील, टॅक्स वेगळाच. काही भाग शेअरमध्ये हवाच, पण सुरुवातीची वर्षं सांभाळा. मी २००७ च्या शेवटी रिटायर झालो आणि पुढच्याच वर्षी मार्केट कोसळलं, रात्र रात्र झोप नव्हती. समजा १०० होते, त्यातले ५ काढले आणि उरलेले ३० टक्क्यांनी पडले तर ६६.५ राहतात, पुढच्या वर्षी तेच ५ काढायचे म्हणजे साडेसात टक्के झाले, नंतर मार्केट वर आलं तरी विकून टाकलेले फंडाचे युनिट (हिस्से) काही परत येत नाहीत. मी वाचलो ते ३ वर्षांचा खर्च वेगळा काढून ठेवलेला म्हणून, पडलेल्या भावात काही विकावं लागलं नाही.

मधुमालती:
थोडा भाग आजन्म पेन्शनमध्ये घाला (एकदा रक्कम भरायची, मग जिवंत असेपर्यंत दरमहा पैसे मिळतात), आणि दोघांच्या नावे घ्या, एक गेलं तरी दुसऱ्याला चालू राहील अशी. नुसत्या तुमच्या नावावर घेतली तर महिन्याला जास्त मिळते पण तुमच्यामागे वहिनींचं काय? फ्रान्समधल्या जान काल्माँ बाईंनी ९० व्या वर्षी, १९६५ साली, घर असंच दिलं होतं, घेणाऱ्या नोटरीने त्या असेपर्यंत दरमहा रक्कम द्यायची. तो १९९५ ला गेला, पुढे त्याची बायको देत राहिली, बाई १२२ वर्षं जगल्या! किती जगणार याची काळजी बाईंना करावीच लागली नाही. फक्त ही रक्कम बहुतेक वेळा महागाईप्रमाणे वाढत नाही, म्हणून सगळे पैसे त्यात नकोत.

अजून एक, ८५ नंतर दहा ठिकाणचे कागद सांभाळणं अवघड जातं. माझ्या सासूबाईंची एक ठेव आम्हाला चार वर्षांनी सापडली. पंचाहत्तरीच्या आत खाती कमी करा, आणि वहिनींना आतापासून सगळं दाखवा.

सांजवेळ:
आजच्या खर्चावर २५ पट धरली ही मोठीच चूक होती, बरं झालं विचारलं. रात्री बायकोला घेऊन बसलो, तिला आमच्या निम्म्या ठेवी माहीतच नव्हत्या. ३३ पट ५८ पर्यंत जमत नाहीये, ती म्हणते दोन वर्षं अजून काम कर, तेवढी भर पडेल आणि दोन वर्षांचा खर्चही साठवणीतून जाणार नाही. साठीपर्यंतचा हिशोब मांडायला घेतलाय, तीन वर्षांच्या खर्चाचा वेगळा कप्पा धरून. दोघांच्या नावे पेन्शन घेताना कोणत्या वयात घेतली तर बरी पडते, ते कोणी सांगेल का?