"माझा पुतण्यासुद्धा काढेल" म्हणणाऱ्यांसाठी

आमसूल

भुईनळा यांच्या शनिवारच्या धाग्यावर प्रतिसाद द्यायला घेतला, तो मारुतीच्या शेपटासारखा वाढला, म्हणून हा वेगळा धागा.

वाचला नसेल त्यांच्यासाठी: भुईनळा मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत गेले. आत अमूर्त चित्रं, विषय रंग आणि आठवणी. दहा मिनिटांत बाहेर. मग इथे येऊन लिहिलं की "माझा सहा वर्षांचा पुतण्या याहून बरं काढतो, आणि साडेतीन लाख मागत नाही, एका चॉकलेटवर भागतं." खाली +१ चा नुसता पाऊस.

पुतण्याचा राग नाही. राग "तिथे मुळात काही नव्हतंच" या खात्रीचा आहे. तुम्हीच लिहिलंय की आधी भिंतीवरची चिठ्ठी वाचली, मग किमतींचा कागद मागितला, आणि मग चित्रं पाहिली. लग्नात आहेराची यादी वाचून मग नवरीकडे बघावं, तसं झालं हे.

मी रविवारी गेले. डावीकडच्या भिंतीवर शेवटून दुसरं चित्र, साधारण पाच फूट बाय चार. लांबून पांढरं वाटतं. जवळ गेल्यावर खाली उजव्या कोपऱ्यात निळा घट्ट बसलेला, तिथून वर विरत गेलेला, आणि मधेच एक गडद ओरखडा, पुसायचा राहून गेल्यासारखा.

तो ओरखडा माझ्या ओळखीचा होता. पेणला आजीकडे रविवारी आजोबांची धोतरं निळीला निघायची. नीळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून बादलीत फिरवायची, हाताने पाणी ढवळायचं, मग कपडा. मला कायम घाई. एकदा न ढवळताच धोतर बुडवलं आणि हुबेहूब असाच पट्टा उठला. आजी ओरडली नाही. "भोगावती आली बघ धोतरावर" (भोगावती म्हणजे पेणची नदी) एवढंच म्हणाली, आणि आजोबा ते धोतर नेसून पोस्टात गेले.

बरं, नीळ घालतात ती कपडा निळा दिसावा म्हणून नाही, पांढरा दिसावा म्हणून. पिवळट कापडावर निळ्याची पुसट छटा चढली की डोळा फसतो. त्या चित्रातला पांढरा तसाच फसवा होता. चित्रकार खुर्चीवर बसले होते, पण मी त्यांना काही विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही.

आलापात शब्द नसतात, तिथे कोणी अर्थ मागत नाही. चित्र दिसलं की मात्र लगेच "हे काय आहे?"

भुईनळा

ताई, दहा मिनिटं नाही, बावीस. पार्किंगची पावती जपून ठेवली आहे.

आलाप येणार हे माहीत होतं, फक्त कितव्या परिच्छेदात तेवढं बघत होतो. आलापाला सा असतो. बेसूर झाला तर माझ्यासारख्या ढ माणसालाही खुपतो. या चित्रांत बेसूर कशाला म्हणायचं? एखादं बिघडलंय हे कशावरून ओळखायचं? ते सांगा, मी पुतण्याला घेऊन माफी मागायला येतो.

दुसरं. बादली तुमच्या आजीची, धोतर आजोबांचं, आठवण तुमची. मग साडेतीन लाख त्यांना कशाचे?

तिरपागडा

जहांगीरमधलं समोवार हे कॅफे २०१५ साली बंद झालं, त्याच दिवशी जहांगीर संपलं. चित्र कळो न कळो, चहा-पराठा तरी कळायचा. आता बाहेर येऊन फुटपाथवर उभं राहून काय बोलणार चित्रांवर?

खडूवाला

२९ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली म्हणून बोलतो. पुतण्याचं चित्र जपून ठेवा. तो आठवीत गेला की ते संपणार आहे, आणि ते आम्हीच संपवणार आहोत.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला स्मरणचित्राचा पेपर असतो. नावात स्मरण. पोरं काय करतात? बाजाराचं दृश्य, बसस्टॉप, फुगेवाला, छत्री घेतलेली बाई, सगळं पाठ करून येतात. एका वर्गातल्या चाळीस पोरांच्या आठवणीत एकच फुगेवाला, तोही डावीकडे तोंड केलेला! मीच शिकवायचो, कारण ग्रेड यायला हवी, ए ग्रेडचा आकडा मुख्याध्यापकांना फलकावर लिहायचा असतो. एका मुलाने संध्याकाळचं आकाश हिरवट काढलं होतं. मी त्याला निळं करायला लावलं. पुढे एकदा पावसाळ्यात कोयनेच्या बाजूला मी तसंच आकाश पाहिलं. तो मुलगा आता कुठे आहे कोण जाणे.

आणि चित्रकलेचा तास गणिताला देण्याबद्दल तर बोलतच नाही. नाही म्हणजे बोलतोच: दिवाळीनंतर मार्चपर्यंत माझा तास वेळापत्रकात असायचा, वर्गात नसायचा.

वाडीतला

भुईनळा, हेच सगळं लोक चित्रकार गायतोंडेंबद्दल म्हणायचे. जन्म नागपूरचा, १९२४ चा, पण वाढले आमच्या गिरगावात, चाळीत. १९४८ ला जे.जे. कला महाविद्यालयातून बाहेर पडले. 'अमूर्त' हा शब्दही त्यांना नको असायचा, नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणा म्हणायचे. रोलरने आणि सुरीने रंग चढवायचे, खरवडायचे, पुन्हा चढवायचे. वर्षाला चित्रं जेमतेम पाच-सहा. ते २००१ मध्ये गेले. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईतल्याच लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला गुगेनहाइम संग्रहालयात प्रदर्शन. साडेतीन लाखांचं काय घेऊन बसलात?

भुईनळा

म्हणजे २३ कोटी हा पुरावा? त्या हिशोबाने आमच्या नाक्यावरचा बिल्डर महाराष्ट्रातला सर्वात थोर कलावंत आहे.

वाडीतला

तुम्हीच किंमत आणलीत मध्ये, मी नाही. साडेतीन लाख आहेत म्हणून चित्र भंकस, हे चालतं. २३ कोटी मिळाले म्हणून चांगलं, हे चालत नाही. सोयीचं गणित आहे.

भुईनळा

बरं. गणित मान्य. चित्र अजून नाही.

अधेली

@आमसूल, छान लिहिलंय. तो निळा म्हणजे चिंतामणी रंगाच्या जवळचा का? माझ्या आईची लग्नातली साडी चिंतामणी होती, मोरपिशीला जवळची. वर्णन वाचून तीच डोळ्यांसमोर आली.

येवल्याची लेक

चिंतामणी मोरपिशीजवळचा नसतो हो. जांभळ्याकडे झुकतो. मोरपिशी हिरव्याकडे. दोघं दोन टोकांना.

अधेली

आमच्याकडे चिंतामणी म्हणजे मोरपिशीच्या शेजारचाच. दादरच्या दुकानातही तसाच दाखवतात.

येवल्याची लेक

दादरच्या दुकानात काय हो, राणी कलरला डाळिंबी म्हणून विकतात. आमच्या घरात तीन पिढ्या माग आहे. धूपछाव विणताना उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. कापड हातात धरून हलवलंत की एकदा हा वर येतो, एकदा तो. आमच्या घरी चिंतामणी म्हणतात तो असा, निळा-जांभळा. तुम्ही उजेडाच्या कोणत्या बाजूला उभ्या आहात त्यावर ठरतं.

अधेली

मग मी माझ्या बाजूला उभी होते आणि मला मोरपिशीजवळचा दिसला. विषय संपला.

येवल्याची लेक

विषय संपत नाही. जांभळ्या-निळ्यातून हिरवा कुठून काढणार? उद्या अबोलीला केशरी म्हणाल.

अधेली

म्हणेन! पुस्तकी चिकटपणा नको. आईची साडी मी लहानपणापासून बघतेय, तुम्ही नाही पाहिलेली.

येवल्याची लेक

पुस्तकी? मागावर बसून पाठ मोडलेल्या बाईला पुस्तकी म्हणताय? शहरात बसून रंगांची नावं

संपादक

वरचा प्रतिसाद अर्धा कापला आहे, त्यावरचं उत्तर पूर्ण उडवलं आहे. वैयक्तिक शेरे नकोत. साडीसाठी वेगळा धागा काढा.

तिरपागडा

कशाला काढा? जहांगीरपेक्षा इथे जास्त रंग बघायला मिळतायत.

कोपऱ्यातला

संपादकांची माफी मागून, साडी इतकीही अवांतर नाही. प्रभाकर बरवे आणि आंबादास या दोघा चित्रकारांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली आहे. बरवे आधी बनारसला, मग मुंबईला. दिवसभर कापडाचे नमुने, संध्याकाळी स्वतःचं चित्र. पुढे बरवेंनी कॅनव्हासवर चक्क एनॅमल वापरला, आपण खिडक्यांच्या गजांना लावतो तो. त्यामुळे "हे कापडवाल्यांचं काम" म्हणून हिणवायच्या आधी जरा थांबा.

भुईनळा

कोणी हिणवलं? मी तर धाग्यावरून केव्हाच गायब आहे, इथे चिंतामणीचं महायुद्ध चालू आहे. माझा प्रश्न तसाच लोंबकळतोय. बेसूर म्हणजे काय?

आमसूल

सांगते. दारासमोरची तीन मोठी लाल चित्रं मला अजिबात आवडली नाहीत. लालावर सोनेरी वर्ख, कडेला हळदीचा पिवळा. ते बघून आठवण येत नाही, लग्नपत्रिका येते. आठवण बघणाऱ्याने काढायची की चित्रकाराने हातात कोंबायची? तिथे कोंबली होती. निळ्या चित्रात तो ओरखडा झाकला असता तर चित्र गुळगुळीत झालं असतं, आणि मी पुढे निघून गेले असते. झाकला नाही, हे त्यांचं काम. बादली माझी, ओरखडा ठेवायचा निर्णय त्यांचा. पैसे त्याचे.

भुईनळा

म्हणजे दारासमोरची तीन वाईट होती, असं तुम्हीही म्हणताय! मी ती तीनच नीट पाहिली होती. एकोणीसपैकी तीन माझ्याकडे जमा. बाकी सोळांचं बघू. "पैसे ओरखडा न झाकण्याचे" हे मात्र आमच्या घरी रंगकाम केलेल्या माणसाला कळता कामा नये. त्याने अख्खी भिंत तशी ठेवली आहे.

बॉस्टनकर काकू

उशिरा आले. रंग आणि आठवण म्हणताय तर एक पाहिलेलं सांगते.

मार्क रॉथको या अमेरिकन चित्रकाराने हार्वर्डसाठी मोठी भित्तिचित्रं केली होती, १९६४ मध्ये जेवणाच्या दालनात लावली. काचेच्या मोठ्या खिडक्या, ऊन थेट चित्रांवर. त्याने वापरलेल्या एका लाल रंगाला उजेड सोसत नव्हता, लिथॉल रेड म्हणतात त्याला. किरमिजी होतं तिथे फिकट निळसर झालं. १९७९ मध्ये उतरवून ठेवली. २०१४ मध्ये संग्रहालयाने पुन्हा लावली, पण ब्रश लावला नाही. प्रोजेक्टरमधून बरोबर तेवढाच रंगीत उजेड टाकला, जेवढा उडालेला होता. जुना रंग परत आल्यासारखा दिसायचा. आणि रोज चार वाजता प्रोजेक्टर बंद करायचे.

मी मुद्दाम पावणेचारला गेले होते. बंद झाला तेव्हा सगळे एकदम गप्प. शेजारचा माणूस "अरे" म्हणाला, इंग्रजीतला अरे. मला आमच्या सांगलीच्या घराची वास्तुशांतीनंतरची भिंत आठवली, का ते सांगता येणार नाही. यजमान म्हणाले, चला, पार्किंगचा तास भरला.

भुईनळा

काकू, यजमानांना माझा नमस्कार.

खोटं कशाला बोलू, हे आवडलं. पण यात तंत्र आहे, रसायन आहे, काहीतरी घडतं. जहांगीरला काहीच घडत नव्हतं.

खडूवाला

घडायला बावीस मिनिटं पुरतात. त्यातली पंधरा चिठ्ठीत आणि किमतीच्या कागदात गेली असतील तर नाही पुरत.

भुईनळा

सर, चिठ्ठीचं तुम्हीच बोललात ते बरं. 'अवकाश', 'स्पंदन' आणि 'अस्तित्व' एकाच वाक्यात होते, क्रियापद सापडलं नाही. चित्राला शब्द लागत नाहीत म्हणता, मग ही चिठ्ठी लावतं कोण?

आमसूल

चिठ्ठीबद्दल शंभर टक्के सहमत. ती फाडून टाकायला हवी. हे मी आनंदाने लिहीत नाहीये.

भुईनळा

नोंद घेतली आहे. स्क्रीनशॉटसकट.

प्रदर्शन सोमवारी संपतंय. पुतण्याला शाळेला सुट्टी आहे, त्याला नेतो. चिठ्ठी त्याला वाचता येत नाही, किंमत विचारायची अक्कल नाही. डावीकडून शेवटून दुसरं ना? काही घडलं तर सांगेन. नाही घडलं तर जास्त सविस्तर सांगेन.

तिरपागडा

आणि नंतर चहा कुठे पिणार?

अधेली

अवांतराबद्दल क्षमस्व, पण एक खुलासा करणं भाग आहे. येवल्याच्या ताईंना खोटं पाडायला आईकडून साडीचा फोटो मागवला. लग्नातला अल्बम कृष्णधवल आहे. साडी वीस वर्षांपूर्वीच भांडीवालीला दिली. आणि आई म्हणते, ती चिंतामणी नव्हतीच, डाळिंबी होती. चिंतामणी मावशीची.

येवल्याची लेक

मावशीची बघायला मिळेल का?