मदत हवी आहे : पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या इंधनात ॲडिटिव्ह घालावे का?

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला राहतो. भाताची रोपलावण आटोपली की आमचा जुना ट्रॅक्टर बरेच दिवस शेडमध्ये उभा असतो आणि कार्बोरेटरची मोटारसायकलही पावसात क्वचितच बाहेर निघते. बीएस-६ (नव्या प्रदूषण-मानकाची) डिझेल पिकअप मात्र भाजी घेऊन रोज बेळगावला जाते. एका दुकानदाराने या तिन्हींसाठी ॲडिटिव्हची, म्हणजे इंधनात थोडे मिसळायच्या रसायनाची, एकच बाटली सुचवली आणि ती घातली की इंधनातल्या पाण्याची काळजी मिटली, असे सांगितले. मला ते पटलेले नाही, म्हणून जाणकारांना विचारतो आहे.

ट्रॅक्टरच्या डिझेल फिल्टरखालची काचेची वाटी काढली, तेव्हा तळाशी पाणी होते आणि पाणी व डिझेल जिथे एकमेकांना टेकतात तिथे तपकिरी, बुळबुळीत साय धरली होती. ही साय म्हणजे त्या सीमेवर वाढणारे सूक्ष्मजीव. टाकी अर्धी रिकामी ठेवली की आतली दमट हवा थंडावून पाणी सुटते, हे समजल्यापासून टाकी भरून ठेवतो. जंतुनाशक ॲडिटिव्ह घातल्यावर मेलेली साय फिल्टरमध्येच अडकणार असेल, तर आधी टाकी उतरवून धुणे भाग आहे का?

माझी मुख्य शंका पिकअपबद्दल आहे. काही ॲडिटिव्ह पाण्याचे बारीक थेंब करून ते डिझेलबरोबर पुढे जाळायला पाठवतात, तर काही पाणी वेगळे करून तळाशी बसवतात, म्हणजे ते फिल्टरमधून काढून टाकता येते. पिकअपच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, दाब हजार बारच्या कितीतरी वर जातो. तिथे पाणी पोहोचले तर इंजेक्टरचे टोक झिजते, त्यामुळे या गाडीला पाणी वेगळे करणारा प्रकारच चालेल असे मला वाटते. पण बाटलीवर यातले काहीच लिहिलेले नसते. ते ओळखायचे कसे?

बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमपर्यंतच (दहा लाख भागांत १० भाग) असते आणि गंधक काढताना डिझेलचे मूळचे वंगणही कमी होते. ते भरून काढण्यासाठी रिफायनरीतच वंगण-सुधारक घालतात. असे असताना ट्रॅक्टरच्या जुन्या पंपाला वरून आणखी काही घालण्याची गरज उरते का? आमच्याकडे काही जण डिझेलमध्ये टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांचे तेल) ओततात. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या पिकअपमध्ये तसे करायला मी तरी धजावणार नाही.

मोटारसायकलचा प्रश्न वेगळा आहे. पेट्रोलमधले इथेनॉल आमच्याच जिल्ह्यातल्या उसापासूनही बनते, त्याबद्दल मनात आकस अजिबात नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेते आणि ते मर्यादेबाहेर गेले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात. मग कोणतेही ॲडिटिव्ह त्यांना पुन्हा पेट्रोलमध्ये नीट मिसळू शकत नाही. कार्बोरेटरच्या वाटीत पांढरी भुकटी आणि जेटच्या (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या) तोंडाशी हिरवट थर सापडला होता. अशा गाडीला गंजरोधक ॲडिटिव्ह खरोखर उपयोगी पडते, की उभी करताना पेट्रोलचा कॉक बंद करून वाटी रिकामी करणे पुरेसे आहे?

ज्यांनी एखादे ॲडिटिव्ह सलग दोन-तीन पावसाळे वापरून नंतर पंप, नोझल किंवा कार्बोरेटर स्वतः उघडून पाहिला असेल, त्यांनी गाडीचा प्रकार, ॲडिटिव्हचे प्रमाण आणि आत काय दिसले ते कृपया सविस्तर लिहावे.