कीवर्डला 'कळीचा शब्द' म्हणावं का? (मावशी नाही म्हणते)

परळची_पोर:
माझ्या मावशीचं लालबागला भाजणी-फराळाचं छोटंसं दुकान आहे. तिची वेबसाइट मी करतेय. पान गूगलवर सापडावं म्हणून काय कुठे भरायचं, याचं दोन पानी मराठी टाचण तिच्यासाठी लिहायला घेतलं. टायटल, मेटा डिस्क्रिप्शन, ऑल्ट टेक्स्ट वगैरे. कीवर्डला, म्हणजे गिऱ्हाईक गूगलवर जो शब्द टाकून शोधतं त्याला, 'कळीचा शब्द' लिहिलं, तर म्हणाली, "कळीचा म्हणजे भांडणाचा. माझ्या चकलीत कुठून आलं गं भांडण?" मी म्हटलं, अगं, कळीचा मुद्दा म्हणतात ना, तसं. "तोही भांडणाचाच." कोण बरोबर? आणि दुसरा बरा शब्द सुचवा.

शुद्धमती:
मावशी शंभर टक्के बरोबर. कळीचा नारद आठवा. ज्यावरून वाद पेटला तो कळीचा मुद्दा. 'महत्त्वाचा मुद्दा' हा अर्थ बातम्यांच्या भाषांतरातून मागाहून चिकटला असणार. कीवर्डला 'बीजशब्द' आहे की. शोधनिबंधांत सारांशाखाली छापतात.

दोन_नंबर_फलाट:
असहमत. कळ दाबली की दिवा लागतो, ती कुठली कळ? कीबोर्डला कळफलक म्हणता, मग कीवर्डला कळीचा शब्द का नको?

शुद्धमती:
कारण व्याकरण. वाट, वाटा, वाटेचा. तसं कळ, कळा, कळेचा. 'कळीचा' व्हायला मूळ शब्द 'कळी' हवा, आणि तो कलीवरून आलाय, भांडणाच्या.

दोन_नंबर_फलाट:
किंवा फुलाची कळी. ज्यातून पुढचं सगळं उमलतं तो शब्द. घ्या!

भाजीत_भाजी:
बीजशब्द ऐकून मावशी भोपळ्याच्या बिया विकायला काढेल. लोक 'कीवर्ड' म्हणतात, तेच लिहा. फारसी शब्दांना पर्याय देणारा शिवकालीन राज्यव्यवहारकोश होऊनही दुकान दुकानच राहिलं ना?

शुद्धमती:
आणि सावरकरांचा 'महापौर' रुजला, त्याचं काय? शब्द वापरलाच नाही तर रुजणार कसा?

गिरगावचा_खिळा:
मी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात उमर घालवली, म्हणून टायटलबद्दल बोलतो. वेबवाल्यांची दोन डोकी असतात हे मला नातवाने समजावलं. एक गूगलच्या निकालात आणि ब्राउझरच्या टॅबवर दिसतं ते टायटल, दुसरं उघडलेल्या पानावर मोठ्या अक्षरात असतं ते एच-वन. दोन्हीला 'शीर्षक' म्हणाल तर मावशी गोंधळेल. पहिल्याला सरळ 'पाटी' म्हणा, रस्त्यावरून दिसणारी. दुसऱ्याला 'मथळा'. पाटीवर नुसतं 'मुखपृष्ठ' किंवा 'स्वागत' लिहू नये. 'चकली भाजणी, लालबाग' असं लिहावं, आणि दर पानाची पाटी वेगळी. लांबलचक पाटी कापली जाते, आणि पटली नाही तर गूगल आपल्या मनाने बदलतो. आमचे संपादक तेच करायचे.

पानाच्या वेब-पत्त्यात शेवटी त्या पानाचं नाव असतं, त्या 'स्लग'बद्दलही सांगतो. लायनोटाइपवर शिशाची अख्खी ओळ एका पट्टीत ओतून निघायची, ती स्लग. पुढे बातमीच्या कामचलाऊ नावालाही तेच म्हणू लागले.

दोन_नंबर_फलाट:
काका, मला एका यंत्रभाषांतराने स्लगचं 'गोगलगाय' करून दिलं होतं. आणि हो, पत्ता देवनागरीत ठेवला तर चालतो, पण कॉपी करून कुणाला पाठवला की पुष्कळदा त्याचा पसारा होतो. नुसत्या 'च'चं टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का नऊ ए. एका अक्षराला नऊ खुणा. 'चकली'त च, क, ल आणि वेलांटी, म्हणजे छत्तीस! मी रोमन ठेवतो.

शुद्धमती:
पत्ताही रोमन? मग दुकानाची पाटीही रोमनमध्ये रंगवा.

ऐकून_वाचणारा:
मला दिसत नाही, फोन वाचून दाखवतो. चित्राच्या जागी तो जे वाचतो त्या 'ऑल्ट टेक्स्ट'ला 'पर्यायी मजकूर' लिहू नका, हात जोडतो. त्यातून काय लिहायचं ते कुणालाच कळत नाही. परवा एका फराळाच्या पानावर माझा फोन म्हणाला, "आयएमजी अंडरस्कोअर दोन शून्य चार एक डॉट जेपीजी." ती चकली होती की शेव, देव जाणे. 'चित्रवर्णन' म्हणा, म्हणजे मावशी लिहील, 'परातीत काढलेल्या काटेरी चकल्या'. आणि तिथे 'चकली लालबाग चकली स्वस्त चकली' कोंबू नका, मला ते सगळं ऐकावं लागतं.

भाजीत_भाजी:
कोंबणे! कीवर्ड स्टफिंगला शब्द मिळाला. मजकुरात कोंबाकोंबी केली तर गूगललाही चालत नाही.

परळची_पोर:
चित्रवर्णन घेतलं, पाटीही घेतली, आभार. आता मेटा डिस्क्रिप्शनला काय म्हणू? क्रमांक त्याने वर जात नाही, पण निकालात पाटीखाली दोन ओळी दिसतात त्या कधीकधी तिथून येतात. आणि मेटा कीवर्डची वेगळी चौकट भरायची का?

दोन_नंबर_फलाट:
ती चौकट सोड. क्रम लावताना ती बघत नाही, असं गूगलने २००९ मध्येच सांगितलंय. कीवर्ड पाटीत, मथळ्यात आणि पहिल्या परिच्छेदात सहज आला की झालं. पण आधी गिऱ्हाईक काय टाइप करतं ते बघ. मावशी 'चकलीची भाजणी' म्हणेल, माझी बायको 'चकली पीठ' शोधते.

शुद्धमती:
पीठ आणि भाजणी एक नव्हे! भाजणी भाजून दळतात.

दोन_नंबर_फलाट:
हे बायकोला सांगा. तिचा कीवर्ड तिने टाइप केला.

परळची_पोर:
मावशीला वाचून दाखवलं. म्हणतेय, पीठ लिहिलंस तर माझं नाव काढून टाक पाटीवरून. डिस्क्रिप्शनचं कुणी सांगेल का?

गिरगावचा_खिळा:
सांगतो, पण आधी एक शंका. चाळीत भिंतींना लावायला कळीचा चुना आणून पिंपात भिजवायचे, रटरट उकळायचा. ही कळी भांडणाची, दिव्याची की फुलाची?

शुद्धमती:
काका, थांबा. शब्दकोश काढते.