जॉबवर्कच्या शेडनं व्हीएमसी घ्यावी काय?
(दुसऱ्या कंपन्यांचे भाग बनवून देणाऱ्या छोट्या कारखान्यांबद्दल बेळगावच्या तिघांचं बोलणं)

उद्यमबागचा टर्नर:
तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून व्हीएमसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी धातू कापायची मशीन, घेतली. कोटेशनमध्ये किंमत होती, बँकेच्या कागदात व्याज होतं. बाकीचं आता कळतंय. दिवाळीला चार दिवस मेन स्विच बंद ठेवला. कंट्रोलच्या, म्हणजे मशीनच्या कॉम्प्युटरच्या, मेमरीची बॅटरी संपत आल्याचा अलार्म आधीपासून येत होता, आम्ही लक्ष दिलं नाही. पाडव्यानंतर चालू केली तर पॅरामीटर (मशीनची सगळी सेटिंग) गेलेले, होम पोझिशन (जिथून ती मोजायला लागते ती जागा) गेलेली! पुण्याहून इंजिनिअर येईपर्यंत सहा दिवस स्पिंडल थंड. हप्ता मात्र पाच तारखेला गेलाच. ती बॅटरी काही शे रुपयांची, आणि कंट्रोल चालू ठेवूनच बदलायची असते, हे विकताना कुणी सांगितलं नाही. ऑर्डर लेखी हातात असल्याशिवाय छोट्या शेडनं यात पडू नये.

मच्छेकर:
नाही पटत, दादा. अलार्म येत असताना बॅटरी बदलली नाही, यात मशीनचा काय दोष? हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बोअरला, म्हणजे आतल्या भोकाला, पार्टी (काम देणारी कंपनी) पंधरा मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागातली, अचूकता मागते, तेही पाचशे पीसमध्ये सारखी. लेथवर सकाळचे वीस पीस मिळतील, संध्याकाळी दमलेल्या हाताला मिळतील काय? इथं जवळच हत्तरगीला विमानाचे भाग बनतात. तुम्ही ऑर्डर मागायला गेला की पार्टी आधी विचारते, मशीन कुठली आहे?

शहापूरची हिशोबनीस:
मी चार शेडची खाती लिहिते. मशीन चांगली की वाईट, यापेक्षा पैसा कधी येतो ते बघा की. हप्ता दर महिन्याला, बिल नव्वद दिवसांनी. २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात करार असला तरी बिल द्यायला कमाल ४५ दिवस आहेत. आयकरातही आता सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर पार्टीला प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच तो खर्च दाखवता येतो. पण थकलेलं बिल मागायचं पत्र पाठवायला धीर कुणाला होतो? फिक्स्चर (भाग मशीनवर पकडायचे साचे) सगळी त्याच पार्टीची, काम शेजारच्या शेडला गेलं तर संपलं. मला हे अडकणं सगळ्यात महाग वाटतं.

उद्यमबागचा टर्नर:
बॅटरीचं मान्य. पण मशीन चालवायला शिकवलेला पोरगा चार हजार जास्त मिळतात म्हणून कागलच्या एमआयडीसीत गेला. निम्मे प्रोग्रॅम त्याच्याच पेन ड्राइव्हवर होते.

मच्छेकर:
मग मशीन घेतानाच त्याच्या पगाराचाही हिशोब धरायला हवा होता, दादा. माझ्याकडं येऊन जा. पॅरामीटरचा बॅकअप मेमरी कार्डावर कसा घ्यायचा ते मशीनवरच दाखवतो, अर्ध्या तासाचं काम आहे.