‘अप्राईज’ म्हणजे किंमत करायची की कळवायचं?

शिरोलीचा डिस्पॅचवाला

शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत डिस्पॅच बघतो. इंग्लंडच्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं, त्यात ‘प्लीज कीप अस अप्राईज्ड ऑफ एनी डिले’ असं होतं. आमच्याकडं दरवर्षी अप्रेझल होतं, तोच शब्द डोक्यात होता. उशिरामुळं किती नुकसान होईल त्याचा हिशेब मागितलाय असं समजून मी साहेबांना तसं सांगितलं आणि दोन दिवस बसून तक्ता केला. तिकडून उत्तर आलं, हे नको, माल कधी निघणार तेवढं सांगत जा. मनाला फार लागलं.

हा शब्द नेमका कसा वापरायचा? ‘इन्फॉर्म’ असताना हा कशाला? आणि मराठीत याला जवळचं काय?

स्टेनोबाई, मंगळवार पेठ

तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी उद्यमनगरात एका कारखान्याच्या ऑफिसात ३१ वर्षं स्टेनो होते. हीच चूक माझ्याही हातून झाली आहे, आणि ती का होते ते मला माहीत आहे.

पिटमनच्या लघुलिपीत आधी व्यंजनं लिहितात, स्वर नंतर टिंब-रेघेनं लावतात. घाईत स्वर राहतात. ‘अप्राईज’ आणि ‘अप्रेझ’ या दोन्हींत व्यंजनं तीच: प, र, झ. वहीत दोघांचं चित्र सारखंच. साहेबांनी ‘अप्राईज’ सांगितलं होतं, मी टाईप करताना दुसरा शब्द घातला, आणि पत्र सहीला गेलं. साहेबांनी ओरडा केला नाही. दोन्ही शब्द कागदावर लिहून दिले आणि म्हणाले, “यांचं घराणं वेगळं आहे, ते बघा.” तेव्हापासून बघत आले.

‘अप्रेझ’ हा किमतीच्या घरातला. ‘प्राइस’ त्याचाच नातलग. सोनेतारण कर्जाला बँकेचा माणूस दागिना कसाला लावून, वजन करून आकडा सांगतो, ते अप्रेझ करणं. आपल्या गुजरीत, सराफांच्या पेठेत, रोज चालतं. तुमच्या फौंड्रीतलं अप्रेझलही तेच, माणसाच्या कामाची किंमत.

‘अप्राईज’ हा शिकण्याच्या घरातला. फ्रेंचमध्ये ‘आप्रांद्र’ म्हणजे शिकणे, आणि त्याच क्रियापदाचा अर्थ शिकवणे, कळवणे असाही होतो. त्याच्या भूतकाळी रूपावरून हा शब्द १७व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला. याच घरातला एक शब्द तुम्ही रोज उच्चारता: अप्रेंटिस! भट्टीजवळ उभं राहून काम शिकणारं पोरगं आणि ‘अप्राईज’, दोघांचं मूळ एक. हे ध्यानात ठेवलंत तर पुन्हा गल्लत होणार नाही.

वापराचं एवढंच: आधी ज्याला कळवायचं तो माणूस, मग ‘ऑफ’, मग बातमी. ‘वुई शॅल अप्राईज यू ऑफ द डिस्पॅच डेट.’ ‘अप्राईज टू यू’ नाही, आणि नुसतं ‘अप्राईज द डेट’ तर मुळीच नाही. ‘इन्फॉर्म’नं काम भागतंच, आणि साध्या पत्रात तोच लिहावा असं माझं मत. पण ‘कीप अप्राईज्ड’मध्ये एक गोष्ट जास्त आहे. एकदा सांगून मोकळं व्हायचं नाही, जसजसं घडेल तसतसं सांगत राहायचं. तुमच्या गिऱ्हाइकाला तेच हवं होतं.

मराठीत सरकारी पत्रांत ‘आपणांस अवगत करण्यात येते’ दिसतं. मला ते खटकतं. आपल्याकडं विद्या अवगत होते, कला अवगत असते. माणसाला अवगत करणं हिंदीच्या वळणाचं वाटतं. ‘कळवत राहणे’ लिहा. कळणं–कळवणं, शिकणं–शिकवणं, दोन्ही कामं आपल्याकडंही एकाच धातूवर चालतात.

मोडीवाचक

बाईंचं पटलं. थोडी भर घालतो. जुन्या मोडी कागदांत कळवणं कुणी कुणाला केलंय ते शेवटच्या शब्दावरून ओळखता येतं. वरून खाली हुकूम असेल तर ‘जाणिजे’. खालून वर धन्याला असेल तर ‘हे विज्ञापना’. धाकट्याला ‘हे आशीर्वाद’. आजही घरच्या पत्राखाली ‘कळावे’ लिहितो, ते याच रांगेतलं. इंग्रजी ‘अप्राईज’ला असा वर-खालीपणा नाही, साहेबालाही करता येतं आणि हाताखालच्यालाही.

राजारामपुरी

मग ‘काइंडली इंटिमेट’ चालेल का? आमच्या ऑफिसात प्रत्येक पत्रात असतं.

स्टेनोबाई, मंगळवार पेठ

आपल्या देशात चालेल, इथं सगळे त्याचा अर्थ ‘कळवा’ असाच घेतात. लॅटिनमध्येही त्याचा अर्थ जाहीर करणे असाच होता. पण इंग्लंडात आज ‘इंटिमेट’ म्हणजे आडून सुचवणं, आडपडद्यानं सांगणं. तुम्ही तारीख स्पष्ट सांगितली असेल आणि शब्द असा वापरलात, तर वाचणारा थबकेल. परदेशी पत्रात टाळा.

आणि डिस्पॅचवाल्यांसाठी एक महत्त्वाचं. एक्स्पोर्टच्या कागदांत ‘अ‍ॅडव्हायजिंग बँक’ येते. ती सल्ला देत नाही. गिऱ्हाइकानं एलसी, म्हणजे त्याच्या बँकेचं पैशाच्या हमीचं पत्र, उघडली हे तुम्हाला कळवते, एवढंच. ‘क्रेडिट अ‍ॅडव्हाइस’ही तसंच, खात्यात पैसे जमा झाल्याची चिठ्ठी. तिथं ‘अ‍ॅडव्हाइस’ कळवण्याच्या जुन्या अर्थानं जिवंत आहे. नव्या मुलांना हे कुणी सांगत नाही, म्हणून लिहिलं.

शिरोलीचा डिस्पॅचवाला

बाई, अप्रेंटिसचं आता जन्मात विसरणार नाही, आमच्या मोल्डिंगला दोघं आहेत. आज गिऱ्हाइकाला असं लिहिलं: कोअर बॉक्स दुरुस्तीला गेल्यामुळं पहिली खेप आठवडाभर उशिरा निघेल, ‘वुई शॅल कीप यू अप्राईज्ड ऑफ द प्रोग्रेस एव्हरी मंडे.’ साहेबांनी वाचून सही केली. दर सोमवारी सकाळी मेल करायचं काम माझ्याकडं घेतलंय.

स्टेनोबाई, मंगळवार पेठ

वाक्य बरोबर आहे. ‘ऑफ’ जागेवर आहे. आता सोमवार चुकवू नका.