नळीवर ‘लंडन’ कोरलंय, ठसे मात्र जुळत नाहीत. ठासणीच्या पिस्तुलाचं मूळ कसं ओळखायचं?

प्रश्न
टोपीवर उडणारं (घोड्याच्या ठोक्याने फुटणाऱ्या धातूच्या छोट्या टोपीने दारू पेटवणारं), एकनळी पिस्तूल आहे. नळीच्या माथ्यावर ‘लंडन’ कोरलेलं आहे, कारागिराचं नाव कुठेच नाही. नळी लाकडातून काढल्यावर खालच्या बाजूला दोन ठसे दिसले: दोन्हींत मुकुट आणि त्याखाली एकमेकांवर आडवे राजदंड. अक्षरं पुसट आहेत. शेजारी 28 हा आकडा आहे. हे लंडनचंच समजायचं का? काळ कोणता?

उत्तर 1
ठशांच्या आधी एक गोष्ट. आत बार (दारू आणि गोळी) भरलेला नाही ना, हे बघितलंत का? जुन्या ठासणीच्या हत्यारांत शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा बार तसाच राहिलेला सापडतो आणि ती दारू अजूनही पेटू शकते. बारीक लाकडी काडी आत सोडा, तोंडाशी पेन्सिलीने खूण करा आणि काडी बाहेर नळीला समांतर धरा. टोक निपलच्या, म्हणजे टोपी जिच्यावर बसते त्या पोकळ बोंडीच्या, बुडापर्यंत पोचायला हवं. दोन-तीन सेंटिमीटर अलीकडेच अडलं तर भरलेलं आहे असंच धरा आणि जाणकाराकडे द्या, स्वतः उकरू नका. काही नळ्यांचा मागचा कप्पा अरुंद असतो, तिथे जाड काडी उगाच अडते. म्हणून काडी बारीकच घ्या.

उत्तर 2
‘लंडन’ या शब्दावर विसंबू नका. तो खपासाठी बर्मिंगहॅममध्येही कोरत आणि बेल्जियममधल्या लिएजमध्येही. खरं बोलतो तो चाचणीचा ठसा, म्हणजे नळी जास्त दारूने उडवून तपासल्यावर मारलेली खूण. लंडनच्या बंदूककारांच्या कंपनीचे ठसे म्हणजे मुकुटाखाली गुंफलेली ‘जी’ आणि ‘पी’ ही अक्षरं, आणि मुकुटाखाली ‘व्ही’. लिएजचा ठसा म्हणजे अंडाकृतीत ‘ई एल जी’. त्यावर 1893 पासून मुकुट आला. तुमचे आडवे राजदंड बर्मिंगहॅमकडे बोट दाखवतात. तिथलं चाचणीगृह 1813 च्या कायद्याने उभं राहिलं आणि हे ठसे 1904 पर्यंत चालले. एका ठशात राजदंडांच्या डावीकडे ‘बी’, उजवीकडे ‘सी’ आणि खाली ‘पी’ असतं, दुसऱ्यात खाली ‘व्ही’.

अक्षरं वाचणं इथे फार महत्त्वाचं, कारण 1813 आधीच्या खासगी चाचण्यांतही राजदंड वापरले जात, पण ‘बी-पी-सी’ नसे. ठशावर पातळ तेलाचा बोळा रात्रभर ठेवा, सकाळी लाकडी दातकोरणीने मळ काढा. मग खडूची पूड चोळून वरवर पुसा: खळग्यातली पूड राहते, अक्षर पांढरं उठून दिसतं. दिवा जवळजवळ आडवा धरा आणि नळी हळूहळू फिरवा. दहापट भिंग पुरतं. पॉलिश कागद किंवा लोखंडी तारेचा काथ्या अजिबात नको. ठशाची कड एकदा गेली की परत येत नाही.

उत्तर 3
28 हा बहुधा गेजचा आकडा आहे, म्हणजे एका पौंडात नळीच्या मापाच्या शिशाच्या 28 गोळ्या. मिलिमीटरमध्ये व्यास काढायचा तर 42.4 ला त्या आकड्याच्या घनमुळाने भागा. 28 साठी साधारण 14.0 येतात. तोंडाशी मोजू नका, तिथे बार ठासायच्या गजाने झीज झालेली असते. थोडं आत मोजा. 14.5 च्या पुढे निघालं तर नळी नंतर कातलेली असू शकते.

आणि ठसा काळ सांगतो तो नळीचा, अख्ख्या पिस्तुलाचा नव्हे. चकमकीच्या ठिणगीने पेटणारं जुनं पिस्तूल नंतर टोपीचं करून घेणं सर्रास चाले. कुलपाच्या (घोडा पाडणाऱ्या यंत्रणेच्या) पट्टीवर बुजवलेली भोकं शोधा: दारूची वाटी आणि तिच्यावरच्या पोलादी झाकणाची कमान जिथे बसत, तिथे. नळीच्या बाजूला निपलसाठी आखूड नळकांडं आटे पाडून बसवलेलं दिसलं तर तोही त्याचाच पुरावा.

प्रश्नकर्ता
काडी निपलच्या बुडापर्यंत गेली. खडूने ‘बी’ आणि ‘सी’ स्पष्ट उठले, ‘पी’चा वरचा भाग दिसतो. व्यास 14.0. पट्टीवर बुजवलेली भोकं नाहीत.

उत्तर 2
मग बर्मिंगहॅमची, 1813 नंतरची नळी. कुलूप मुळातच टोपीचं दिसतंय, म्हणजे सुरुवात 1820 च्या दशकाच्या अलीकडे धरा. नळीचं तोंडही बघा: नक्षी अर्ध्यात तुटली असेल तर नळी कापून आखूड केलेली आहे.