मदत हवी आहे: रिबाउंडला किती जण पाठवायचे?

नमस्कार मंडळी. आमच्या क्लबच्या सीनियर बास्केटबॉल संघाला मी शिकवतो. आमच्या कुणी शॉट मारला की रिबाउंडसाठी, म्हणजे हुकलेला चेंडू पकडायला, आमचे तिघे बास्केटखाली घुसतात, चेंडू समोरच्यांना मिळतो आणि मागे एकटा गार्ड दोघांना अडवत राहतो. काल असेच सहा बास्केट खाल्ले.

सध्या अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या २००४-०५ च्या फिनिक्स सन्स संघाचे सामने पुन्हा बघतोय. प्रशिक्षक डी'अँटोनींचा वेगवान खेळ, स्टीव्ह नॅशचे पास, ६२ विजय. तरी वेस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत प्रशिक्षक पॉपोविचच्या सॅन अँटोनियो स्पर्सनी ४-१ ने हरवलं. तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय: वेग ठेवूनही मागचा बचाव कसा सांभाळायचा?

पोरांचा वेग मला मारायचा नाही, जीव ओतून खेळतात. दोघंच रिबाउंडला, तिघं मागे, हे सरावात कसं बसवता? प्रत्यक्ष करून पाहिलेल्यांनी कृपया सांगा.